दोनशे तासांचा हिशेब

पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं काही शिकायचं ठरवलं, की घरचे "का शिकतेस?" असं आधी विचारत नाहीत. "किती दिवस?" असं विचारतात. योगशिक्षिकेचा कोर्स करायचा म्हटल्यावर आमच्या घरीही तेच झालं. माझ्याकडे उत्तर तयार होतं. म्हटलं, "दोनशे तास." हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "तास नको, दिवस सांग. आईंचं कोण बघणार, डबा कोण करणार, ते दिवसांवर ठरतं."

खरं होतं ते. आणि गंमत अशी, की दोनशे तासांचे दिवस किती, हे सांगणारा प्रत्येक जण वेगळा आकडा सांगत होता.

आधी मला हे कशाला हवं होतं ते सांगते. खांदा आखडला म्हणून मी आसनं करायला लागले, त्याला आता आठ वर्षं झाली. टिळकवाडीत एक निवृत्त शिक्षिका शिकवायच्या. त्या मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या आणि आम्ही बायका उघड्या पडलो. मग सगळ्या म्हणाल्या, "काकू, तुम्ही पुढं बसा, आम्ही तुमचं बघून करू." बस्तीच्या शेजारी सभागृह आहे, सकाळी सहा ते सात रिकामंच असतं. तिथं चटया पडल्या. चौघीजणींच्या चौदा झाल्या.

चार होतो तोवर सोपं होतं. चौदा झाल्या तसे प्रश्न आले. एकीच्या कमरेतली चकती सरकलेली. एकीला काचबिंदू. एकीची गर्भपिशवी काढून चारच महिने झालेले. तिघींना रक्तदाबाची गोळी. रोज कुणीतरी विचारायचं, "काकू, हे मी करू का?" मी म्हणायची, "डॉक्टरांना विचारून ये." ती विचारून यायची आणि सांगायची, "डॉक्टर म्हणाले, योगा करा, चांगला असतो." चांगला असतो हे मलाही माहीत होतं. पण पश्चिमोत्तानासन करू की नको? डॉक्टरांना आसनांची नावं ठाऊक नाहीत, मला मणक्याची ठाऊक नाहीत, आणि मध्ये ती बाई चटईवर उभी. दुसऱ्याच्या शरीराला "वाक" म्हणायचं, तर वाकल्यावर आत काय होतं हे सांगणाऱ्याला कळायला हवं. एवढ्यासाठी मला शिकायचं होतं.

शोधायला लागल्यावर कळलं, की आपल्या आसपास शिकण्याची केवढी परंपरा आहे. मुंबईत योगेंद्रजींनी १९१८ साली द योग इन्स्टिट्यूट सुरू केली, ती सांताक्रूझला आजही चालू आहे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं, आसनं आणि क्रिया प्रयोगशाळेत मोजून पाहायला सुरुवात केली आणि त्यासाठी 'योग मीमांसा' हे नियतकालिकही चालवलं. आपल्या कर्नाटकातल्या बेळ्ळूरचे बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्याला आले आणि पुण्याचेच झाले. त्यांची रमामणी अय्यंगार संस्था १९७५ची. पट्टा, वीट, खुर्ची, दोरी यांचा आधार घेऊन आसन करायची जी पद्धत आज जगभर दिसते, ती त्यांची. बंगळूरला विवेकानंद केंद्राच्या परंपरेतून उभं राहिलेलं एस-व्यासा आहे, बिहारात मुंगेर आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा तर मराठीतून योगशिक्षक पदविकेचा अभ्यासक्रम आहे. माझ्यासारख्या बी.ए. मराठी बाईला ही मोठीच गोष्ट वाटली.

मग प्रश्न आला प्रमाणपत्राचा. जाहिरातींत दोन शिक्के सारखे दिसतात आणि बऱ्याच जणींची तिथं गल्लत होते. एक 'योगा अलायन्स'. ही अमेरिकेतली संस्था आहे. ती शाळांची आणि शिक्षकांची नोंदणी करते, स्वतः परीक्षा घेत नाही. तिच्याकडे नोंदलेल्या शाळेत दोनशे तास पूर्ण केले, की फी भरून आपलं नाव नोंदवता येतं. परदेशात शिकवायचं असेल तर त्याचा उपयोग होतो. दुसरं आपल्या आयुष मंत्रालयाचं योग प्रमाणन मंडळ. तिथं लेखी परीक्षा असते आणि प्रात्यक्षिकही. पहिली पायरी 'योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर', त्यासाठी दोनशे तासांचा अभ्यास धरलेला आहे. दुसरी 'योग वेलनेस इन्स्ट्रक्टर', चारशे तास. तिसरी 'योग टीचर अँड इव्हॅल्युएटर', आठशे तास. पहिल्या पायरीवरची बाई एकवीस जूनच्या योगदिनाला जो ठरलेला क्रम करतात, तो नीट शिकवू शकते. म्हणजे दोनशे तास झाले की आपण योगतज्ज्ञ झालो असं नव्हे. दाराची कडी निघाली, एवढंच.

आता तासांचा हिशेब. एका ठिकाणी सांगितलं, "एकवीस दिवस, निवासी." मी वही काढली. दोनशे भागिले एकवीस, म्हणजे रोज साडेनऊ तास. पहाटे प्राणायाम, मग आसनं, मग शरीरशास्त्र, मग तत्त्वज्ञान, पुन्हा आसनं. पंचविशीतली मुलगी करेल. माझे गुडघे तिसऱ्या दिवशी राजीनामा देतील. दुसऱ्या ठिकाणी अठ्ठावीस दिवस, म्हणजे रोज सात तासांच्या वर. तिसऱ्या ठिकाणी शनिवार-रविवार चार-चार तास. आठवड्याला आठ, म्हणजे पंचवीस आठवडे. सुट्ट्या, सण, परीक्षा धरून सात-आठ महिने. आणि एका ठिकाणी तर "घरबसल्या मोबाईलवर, दहा दिवसांत प्रमाणपत्र" होतं. दहा दिवसांत दोनशे तास म्हणजे रोज वीस. मग झोपायचं कधी आणि योगनिद्रा कधी करायची? मैत्रिणींनो, कुठल्याही कोर्सची जाहिरात वाचली की आधी भागाकार करा. निम्मी निवड तिथंच होते.

गोवा आपल्याला जवळचा. चोर्ला घाट उतरला की गोवाच. हरमल, मांद्रे, पाळोळे, आगोंद या किनाऱ्यांवर पावसाळा संपला की असले वर्ग भरतात, परदेशी मुलंमुली पुष्कळ येतात. माझ्या पुतणीनं हट्टानं एका ठिकाणी फोन लावून दिला. पलीकडचा मुलगा फार नम्र होता. मी विचारलं, "जेवण कसं असतं?"

"पूर्ण व्हेगन, मॅडम. एकदम सात्त्विक."

"कांदा, बटाटा?"

"बटाटा तर असतोच मॅडम, रताळी पण."

"रात्रीचं जेवण किती वाजता?"

"साडेसात."

डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. त्याला म्हटलं, "मला साडेपाचला डबा मिळेल का?" तो म्हणाला, "तेव्हा तर आसनांचा वर्ग असतो." आणि सकाळी सगळ्यांना कोमट पाण्यात लिंबू आणि मध. मध आपल्याला चालत नाही, हे त्याला समजावताना मलाच हसू आलं. त्याचा काही दोष नव्हता. दूध-तूप सोडणाऱ्यांना आपण कंदमूळ का सोडतो हे कळायला वेळ लागतोच. पण त्या फोननं मला एक शिकवलं. आपल्या नियमांबद्दल आधी, स्पष्ट, न लाजता विचारायचं. जाऊन बघू, काहीतरी होईल, असं म्हणून गेलं की महिनाभर एक तर नियम मोडतो नाहीतर पोट उपाशी राहतं.

जेवणाखेरीजही विचारायच्या गोष्टी निघाल्या. शुद्धिक्रियांत जलनेती असते, वमनधौती असते. मिठाचं पाणी पिऊन उलटून टाकायचं. त्यासाठी घरचं गाळलेलं, उकळलेलं पाणी आणलं तर चालेल का? दशलक्षण पर्वात दहा दिवस मी येणार नाही, ते तास पुढं भरून देता येतील का? एकाशन असेल त्या दिवशी प्रात्यक्षिकातून सवलत आहे का? चांगली संस्था असल्या प्रश्नांना वैतागत नाही. एका बाईंनी तर मला उलट विचारलं, "तुमच्याकडं उपवासाच्या दिवशी बायका आसनं करतात का हो? चक्कर येत नाही?" तिथं मला वाटलं, ही बाई शिकवणारी आहे.

माझ्या वहीत शेवटी जे प्रश्न उरले, ते तुमच्यासाठी लिहून ठेवते. एका वर्गात किती जणी, आणि त्यांच्यामागे शिक्षक किती? शरीरशास्त्र कोण शिकवतं, त्या विषयाचा माणूस की आसनांचेच गुरुजी? आपल्याकडून प्रत्यक्ष शिकवून घेतात का? दोनशेतले किती तास आपण दुसऱ्याला शिकवतो, आणि तेव्हा कुणी समोर बसून चुका सांगतं का? हे सगळ्यात महत्त्वाचं. स्वतः आसन येणं आणि दुसरीकडून करून घेणं यात स्वयंपाक येणं आणि सुनेला शिकवणं यांच्याइतकं अंतर आहे. मग पुढचे प्रश्न. हात लावून आसन दुरुस्त करतात का, आणि करण्याआधी विचारतात का? नको म्हटलं तर चालतं का? हा प्रश्न विचारायला आपल्या वयाच्या बायका संकोचतात. संकोचू नका. फी भरल्यावर मध्येच सोडावं लागलं तर किती परत मिळते, ते कागदावर लिहून घ्या. भाषा कुठली, तेही विचारा. बेळगावात एकच शिक्षक कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही बोलतो, पण परीक्षा एका भाषेत असते. आणि पैसे भरायच्या आधी एक दिवस वर्गात नुसतं बसू देतात का ते बघा. बसू देत नसतील तर नमस्कार करून परत या.

कोर्सची निवड चालू होती तोवर मी तयारीही करत होते. आधी डॉक्टरीणबाईंकडे गेले. रक्तदाब, साखर, डोळ्यांतला दाब, हाडांची घनता, सगळं पाहून घेतलं. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ व्हायला लागतात. अशा हाडांना पाठ गोल करून जोरानं पुढं वाकणं सोसत नाही, मणक्याला चीर जाऊ शकते. काचबिंदू असेल तर शीर्षासन, सर्वांगासन वर्ज्य, कारण डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो. रक्तदाब जास्त असणाऱ्यांनी श्वास कोंडून धरायचा नाही. कोर्सला जायच्या आधीच माझ्या चौदाजणींतल्या निम्म्यांची उत्तरं मला त्या तपासणीच्या निमित्तानं मिळाली.

मग शरीरशास्त्र. जीवशास्त्राशी माझा शेवटचा संबंध दहावीत आला होता. नातवाचं पुस्तक घेऊन बसले. मानेचे सात मणके, पाठीचे बारा, कमरेचे पाच. जेवणाच्या वेळा लक्षात ठेवा: सातला न्याहारी, बाराला जेवण, पाचला संध्याकाळचं जेवण. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्याला हे विसरणं शक्य नाही! खुबा, गुडघ्याची वाटी, खांद्याचं फरं. मराठी शब्दांनी शिकले तर पक्कं बसतं, इंग्रजी नाव नंतर चिकटवता येतं. रोजच्या सरावाची वही केली. कुठलं आसन, किती वेळ, दुसऱ्या दिवशी काय दुखलं. आणि आवाज. शिकवताना सलग तास बोलायचं, तेही आसन करता करता. ह्यांना समोर बसवून सूचना द्यायला लागले. "श्वास घेत हात वर." हे म्हणाले, "चहा घेत हात वर केला तर चालेल?" पण आठवड्याभरात त्यांची पाठ जरा सरळ झाली.

अभ्यासात मला सगळ्यात आत कुठंतरी लागलं, ते निराळंच. पतंजलींचे पाच यम वाचले: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. म्हटलं, ही तर आपली पाच व्रतं! पाठशाळेत बोटं मोजत म्हटलेली. पण 'योग' हा शब्द आला आणि गाडं वेगळीकडं गेलं. दशलक्षणाच्या दहा दिवसांत तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय आपण ऐकतो. सहाव्या दिवशी, उत्तम संयमाच्या दिवशी, सहावा अध्याय येतो. त्याची सुरुवातच योगानं होते. तिथं काया, वाचा आणि मन यांची हालचाल म्हणजे योग, आणि त्याच वाटेनं कर्म आत येतं. पतंजलींचा योग म्हणजे चित्ताच्या वृत्ती थांबणं. आमच्या उमास्वामींचा योग म्हणजे जे थांबवायचं आहे तेच! तेराव्या गुणस्थानात केवलज्ञान होऊनही 'सयोग', आणि चौदाव्यात जाऊन 'अयोग'.

हे सासूबाईंना सांगितलं. त्या ब्याऐंशीच्या. रोज अठ्ठेचाळीस मिनिटं सामायिकाला बसतात, पाठीला टेकू नाही. शांतपणे ऐकून म्हणाल्या, "पोरी, नाव काय का असंना. आधी हलायचं कसं ते कळलं, की थांबायचं कसं ते कळतंय." मग जरा वेळानं, "आमच्या मूर्ती तरी बघ की. एक तर पद्मासन, नाहीतर उभी. तिसरं काय लागतंय माणसाला?" मी त्यांना सांगितलं, की महावीरांना केवलज्ञान झालं तेव्हा ते गाईची धार काढताना बसतात तसे, गोदोहासनात बसले होते असं श्वेतांबर परंपरेत सांगतात. सासूबाई हसून म्हणाल्या, "तशी तर मी तीस वर्षं म्हशीखाली बसलीय."

घरातला विरोध मावळला तो या गप्पांमुळं नव्हे, पैशाच्या प्रश्नावर मात्र तो परत उभा राहिला. ह्यांनी सरळ विचारलं, "शिकून आल्यावर बायकांकडून पैसे घेणार?" समाजातल्या एक-दोन मोठ्या माणसांनीही सुचवलं, की बस्तीजवळचा वर्ग ही सेवा आहे, सेवेला मोल नसावं. मी पुष्कळ विचार केला. सेवेचं मोल नसावं हे बायकांनाच का सांगतात? सभागृहाचा विजेचा आकार भरतात, पंडितजींना मानधन देतात, स्वयंपाक्याला देतात. फीचे पैसे मी माझ्या भिशीतून भरणार होते, तास माझे जाणार होते. अपरिग्रह म्हणजे गरजेपेक्षा जास्त न साठवणं. स्वतःच्या कष्टाला शून्य म्हणायला तो सांगत नाही. शेवटी ठरवलं, महिना थोडीशी फी, आणि जिला जमत नाही तिला नाही, कुणालाही न कळता. हे दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पावतीपुस्तक मी छापून आणू?"

मी शनिवार-रविवारचा कोर्स निवडला. निवासी नाही, लांबचा नाही, भारी नावाचा नाही. वर्गात सोळाजणी, दोन शिक्षक, शरीरशास्त्राला एक फिजिओथेरपिस्ट बाई. साठांहून जास्त तास आम्ही एकमेकींना शिकवतो आणि मागं बसून शिक्षक लिहून घेतात. दुपारचा डबा घरचा, संध्याकाळी साडेपाचला घरी. शनिवारी सासूबाईंचं माझी नणंद बघते, रविवारी हे. कोर्स संपला की आयुषची पहिल्या पायरीची परीक्षा द्यायची. दुसरीचं तेव्हा बघू.

आता एकशे दहा तास झालेत. वहीत मी रोज वजाबाकी करते. गेल्या आठवड्यात सकाळच्या वर्गात ती चकती सरकलेली बाई पुन्हा म्हणाली, "काकू, हे मी करू का?" मी तिला पुढं वाकू दिलं नाही. पालथं झोपवून हळूच मकरासन, मग डोकं आणि छाती जरा वर, भुजंगासनाची पहिली पायरी, तीही कळ पायात उतरत नाही ना हे विचारत विचारत. आणि तिच्या फिजिओथेरपिस्टला विचारायचे तीन प्रश्न कागदावर लिहून दिले, आसनांची चित्रं काढून. चित्रं काही फार बरी आली नाहीत. पण ती कागद घडी घालून पर्समध्ये ठेवून गेली, आणि सोमवारी तिन्ही उत्तरं लिहून घेऊन आली.